टेलिफोनच्या मालिकेवरून

आमच्या घरात भांडण क्वचित होतं, वाद मात्र रोज होतो. बाबा नगरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वर्ग सुटला, पण सवय सुटली नाही. कोणी म्हणालं, आज ऊन फार आहे, की बाबा म्हणणार, ऊन नाही, उकाडा आहे, आणि दोन्हींत फरक आहे. मग तो फरक वरण-भात संपेपर्यंत चालतो. आई मधूनच ताकाचं भांडं पुढे सरकवते आणि एखादं असं वाक्य टाकते की आम्ही दोघंही गप्प होतो. मी याच घरात वाढले, त्यामुळे 'तुझं साफ चुकतंय' हे वाक्य मला लहानपणापासून मायेचंच वाटत आलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बाबांना जो माणूस आवडतो, त्याच्याशी ते कडाडून वाद घालतात. जो नकोसा असतो, त्याला 'हो हो, बरोबर आहे तुमचं' म्हणतात आणि त्याचा चहा संपायची वाट बघतात. विमा विकायला आलेल्या माणसाला आमच्या घरात एका भेटीत जितकं 'बरोबर' मिळतं, तितकं मला उभ्या जन्मात मिळालेलं नाही.

वादाचे विषय बदलत राहतात, एक सोडून. टीव्हीवरची आजवरची सगळ्यात हुशार विनोदी मालिका कोणती? बाबांचं उत्तर ठरलेलं आहे: दूरदर्शनच्या काळातली ती टेलिफोनची मालिका. लहान गावातला एक निवृत्त पोस्टमास्तर टेलिफोनसाठी अर्ज करतो आणि सबंध मालिकाभर नुसती वाट बघतो. आज खांब आला तर तार नाही, तार आली तर ती शेळीनं चावली, तार जोडायला माणूस आला तर त्याला चहा-पोह्यांत संध्याकाळ झाली. शेवटच्या भागात टेलिफोन येतो. पोस्टमास्तर आंघोळ करून, टोपी घालून रिसीव्हर उचलतो, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की ज्याच्याकडे टेलिफोन आहे असा एकही माणूस त्याच्या ओळखीचा नाही. बाबा हे सांगताना प्रत्येक वेळी स्वतःच हसतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांचं म्हणणं, हुशार विनोद तो, जो हसून झाल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा हसवतो.

माझी बाजू हवामानवाल्या दोघींची. एका आडगावच्या हवामान कचेरीत दोन बायका आहेत, त्यांचा अंदाज कधीच बरोबर येत नाही, पण इतका नेमानं चुकतो की अख्खं गाव त्यांच्यावर विश्वास ठेवून उलटं वागतं. पाऊस म्हणाल्या की वाळवणं बाहेर. मग एके दिवशी दोघींना हे कळतं, आणि आता खरं सांगायचं की खोटं, यावरून त्यांची जी तारांबळ उडते, ती मी कितीही वेळा बघू शकते. बाबा म्हणतात, मोबाईलवर बघतात ती मालिकाच नव्हे. मी म्हणते, हा मुद्दा नाही, हे वय आहे. आणि पुन्हा सुरू.

तर अशी मी, तिशी ओलांडलेली, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारी. एका दुपारी कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावर एक जण कोणाला तरी सांगत होता की बैलवाल्या मालिकेइतकी हुशार मालिका आजवर झाली नाही. दोन भावांचं बोलणं बंद, पण अंगण एक, गोठा एक. त्यामुळे जे सांगायचं ते बैलाला सांगायचं. 'बैला, कोणाला तरी सांग, मोटार बंद कर म्हणावं.' दुसरा भाऊही उत्तर देतो ते बैलालाच. बैल रवंथ करत उभा. मी माझं ताट उचललं, त्याच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "साफ चूक."

तो देखभाल विभागातला होता. मशीन बंद पडली की सगळे त्याला शोधायचे, आणि त्या दिवसानंतर मी मशीन चालू असतानाही शोधायला लागले. तो माझ्यासारखा ओरडत नसे. हळू आवाजात, एकेक मुद्दा पुढे ठेवत वाद घालायचा आणि माझा आवाज चढला की खूश होऊन बघत बसायचा. वर्षभरात आम्ही एकमेकांच्या आवडीची एकही मालिका धड शिल्लक ठेवली नाही. मग लग्न करायचं ठरलं.

तो पुणतांब्याचा, बागायती शेतकऱ्याच्या घरातला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मास्तर नाहीतर कारकून. जातीबद्दल दोन्ही घरांत कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यांच्या मनात बसलेली होती. आम्हाला कोणाला दुखवून लग्न करायचं नव्हतं. दोन्ही वडिलांनी एकमेकांना पसंत करावं, एवढीच आमची अट होती, आणि ती अट आम्हीच आमच्या गळ्यात बांधून घेतली होती.

पहिली बैठक पुणतांब्याला ठरली. नगर-मनमाड रस्त्यानं हाडं खिळखिळी करून आम्ही तिघं पोचलो. गाडीतून उतरताना कुंपणापलीकडून एक दणदणीत आवाज ऐकू आला. कोणीतरी शेजाऱ्याला कशावरून तरी झाडत होतं. आम्हाला पाहताच तो आवाज एकदम मऊ झाला. "या सर, या. लई दमला आसाल." हे त्याचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत. उंचेपुरे, कानात भिकबाळी नाही पण असावी असं वाटणारे. हातपाय धुवायला पाणी, टॉवेल, चहा, पेरूच्या फोडी, मग पुरणपोळी आणि कटाची आमटी. त्याची आई पोळीवर तूप वाढत होती ते थांबेचना.

जेवता जेवता मीच विषय काढला. बाबांचं मन लागायला दुसरा उपाय नव्हता. "तात्या, टीव्हीवर हसायला येतं असं तुम्हाला काय आवडतं?"

तात्या खुलले. "ती बैलाची मालिका. तिच्यावानी मालिका न्हाई पुन्यांदा झाली."

बाबांनी लगेच बाह्या सरसावल्या. मला आनंद झाला, कारण त्यांनी बाह्या सरसावल्या म्हणजे माणूस आवडला. "छे! चांगली आहे, पण हुशार नाही. एकच विनोद पुन्हा पुन्हा उगाळलाय."

"व्हय, ते बी खरंच," तात्या म्हणाले.

बाबा चपापले. त्यांनी पुन्हा धक्का दिला. "आणि शेवट तर अगदीच पाडलाय."

"बरोबर हाय तुमचं."

बाबांनी मग टेलिफोनची मालिका सबंध सांगितली, तात्या मान डोलावत ऐकत होते. मध्ये दोनदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायले. बाबांना राहवेना. समोरच्याला बोलतं करायला ते वर्गात जी युक्ती वापरायचे ती त्यांनी तिथे वापरली. मुद्दाम एक भलतंच विधान करायचं आणि पोरं तुटून पडायची वाट बघायची. "मला तर वाटतं," बाबा म्हणाले, "हुशार विनोद हा गावाकडच्या माणसासाठी नसतोच."

आईच्या हातातला घास तसाच राहिला. तात्यांनी खाली ताटाकडे बघितलं. "आसंल," ते म्हणाले. "तुमी शिकलेली मानसं." मग वळून बायकोला म्हणाले, "सरांना आमटी वाढ."

मला तर जमीन दुभंगावी असं झालं. तो तात्यांच्या शेजारून माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. निघताना तात्यांनी गाडीत पेरूचा क्रेट ठेवला, हात जोडले, पण पुन्हा या असं काही म्हणाले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर राहुरी मागे पडली. मग बाबा म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण त्याला मत नाही. ज्या घरात कोणी कोणाला 'नाही' म्हणत नाही, तिथे ही पोर गुदमरून जाईल."

"कारण सापडलं वाटतं तुम्हाला," आई म्हणाली.

"मी त्या अर्थानं म्हणत नाही."

"कुठल्या अर्थानं, ते मी तरी कुठे म्हटलंय?"

मी मागच्या सीटवर पेरूच्या वासात बसून रडले, आणि रडताना मला स्वतःचाच राग येत होता, कारण तात्यांना मत नाही असं मलाही वाटलं होतं.

सोमवारी कॅन्टीनमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा खरोखरीचं भांडलो. मी म्हणाले, "तुझ्या वडिलांना कशाबद्दल काही वाटतंच नाही का रे?"

"तात्यांना?" तो म्हणाला. "अगं, गावात पारावर ते बसले की लोक विषय बदलतात. एका पेरूच्या कलमावरून त्यांनी कृषी खात्याच्या साहेबाला दुपारभर उन्हात उभं केलं होतं."

"मग काल तोंडाला कुलूप का होतं?"

"पाहुणा होता ना घरात! आमच्यात दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. तुझे बाबा म्हणाले असते गोदावरी उलटी वाहते, तरी तात्या 'व्हय' म्हणाले असते आणि आमटी वाढली असती." मग त्याचा चेहरा उतरला. "पण तुझ्या बाबांना आम्ही पसंत नाही, हे कळलं तात्यांना. रात्रभर एकच म्हणत होते, माझ्या एका शब्दाला त्यांनी उभं राहू दिलं न्हाई."

मी हसायलाच लागले. आजूबाजूचे बघायला लागले तरी मला थांबता येईना. "अरे, ते कौतुक होतं! बाबांना आवडल्याशिवाय ते एवढे तुटून पडतच नाहीत. पसंत नसते तर 'हो हो, बरोबर' म्हणाले असते!"

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे तात्या जे म्हणत होते ते."

"म्हणजे तात्या जे म्हणत होते ते."

आम्हाला दोघांनाही इतका जोर आला की जेवण तसंच राहिलं. उपाय सोपा होता. तात्यांना नगरला आणायचं. नियम यजमानाला होता, पाहुण्याला नव्हता. दुसऱ्याच्या घरी तात्या मोकळे होते. "आणि ऐक," तो म्हणाला, "काल रात्रीपासून ते मोबाईलवर ती टेलिफोनची मालिका बघतायत. आईलाही शेजारी बसवलंय. काहीतरी शिजतंय त्यांच्या डोक्यात."

पुढच्या रविवारी ते आले. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण तात्या दारातूनच म्हणाले, "नगरला यायचं म्हंजी खड्डे मोजायचं काम." मला फक्त एक ठिणगी हवी होती. साबुदाणा वडे आले, दाण्याची चटणी आली, आणि तात्या खुर्चीत सरसावून बसले.

"सर, तुमची ती मालिका बघितली. सगळी. राग येऊ देऊ नका, पन एक बोलू का?"

"बोला ना," बाबा म्हणाले.

"मालिका चांगली हाय. पन तुमाला ती कळलीच न्हाई."

मी आनंदानं आईचा हात दाबला. आता बाबा बाह्या सरसावणार! बाबा म्हणाले, "हो हो. बरोबर आहे तुमचं."

आमच्या घरात ही शिक्षा होती, फाशीच होती म्हणा ना. तात्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "तो पोस्टमास्तर काय हुशार न्हाई. येडा हाय."

"असेलही. बरोबर आहे."

"तुमी म्हनला, हसून झाल्यावर अर्ध्या तासानं हसवतो तो विनोद. मी म्हनतो, घरातली म्हातारी अन् शाळंतलं पोर एकाच टायमाला हसतं, तो विनोद. एकट्या मास्तरलाच कळतोय, त्यात कसली हुशारी?"

बाबांच्या कपाळाची शीर उडाली. पण ते म्हणाले, "तसंही म्हणता येईल."

तात्या गोंधळून मुलाकडे बघायला लागले. मी आईला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "बाबांना झालंय काय?"

आई खालच्या आवाजात म्हणाली, "मीच दम दिलाय. म्हटलं, त्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच ताटावर बसून तुम्ही अडाणी म्हणालात. आठवडाभर झोपले नाहीत ते. आज एका शब्दानं आडवं बोलणार नाही असं कबूल केलंय त्यांनी."

मी कपाळाला हात लावला. एकानं तोंड उघडलं तर दुसऱ्यानं मिटलं! बाहेरून तात्यांचा आवाज आला, दुखावलेला. "सर, तुमी रागावलाय का माझ्यावर?"

"छे, छे. तुमचं बरोबरच आहे," बाबा म्हणत होते. मी धावत बाहेर आले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, तोंडात आलं ते बोलले. "तात्या, पोस्टमास्तर येडा कसा, ते सांगा ना!"

"तर काय," तात्या म्हणाले. आता ते बाबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलत होते. "त्यो वाट बघत बसला टेलिफोनची. अन् टेलिफोन आडवला कुनी? त्याच्या बायकूनं. तार चावली ती शेळी कुनाची? तिची. खुट्याला बांधलेली शेळी सुटती कशी? तार जोडनाऱ्या मानसाला दिस मावळंपत्तुर चहा-पोहं कुनी चारलं? तिनंच. कारन पोरगं दर महिन्याला शहरातून विचारायला यायचं, टेलिफोन आला का म्हनून. टेलिफोन आला की पोरगं यायचं बंद. ती मालिका त्या बाईची हाय. मास्तर नुसता खुर्चीत बसलाय."

मी बाबांकडे बघितलं. त्यांची मान लाल झाली होती, ओठ घट्ट मिटलेले, हात गुडघ्यांवर. आईला दिलेला शब्द त्यांच्या घशात अडकला होता आणि आतून काहीतरी त्याला बाहेर ढकलत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला बाबा, बोला, माझ्यासाठी बोला.

"अजिबात नाही!" बाबा खुर्चीतून उठलेच. "साफ चूक! मुलाकडे टेलिफोन आहे, हे कुठे दाखवलंय? शेवटी पोस्टमास्तराच्या ओळखीत कोणाकडेच टेलिफोन नसतो. म्हणजे मुलाकडेही नाही. मग टेलिफोन आला तरी मुलाला यावंच लागणार. ती अडवेल कशाला? सांगा, अडवेल कशाला?"

तात्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तेही उठले. "बापाकडं आला की पोरगं बी घेनार! तिला फुडचं दिसतंय! बायांना फुडचं दिसतं, सर!"

"हे मालिकेत कुठे आहे?"

"शेळीच्या डोळ्यात हाय!"

"शेळीच्या डोळ्यात पुरावा नसतो, तात्या! इतिहास असा लिहीत नाहीत!"

"मंग चौथा भाग लावा. लावा म्हनतो ना. दाव्याची गाठ बघा. ती सुटलेली न्हाई, सोडलेली हाय!"

भाग लागला. चष्मे निघाले. दोन मोठी माणसं टीव्हीला नाक लावून शेळीच्या दाव्याची गाठ बघत उभी राहिली, मागे जा, पुढे जा, थांबव, अरे थांबव म्हणत. गाठ धड दिसेना. बाबा म्हणाले, पुरावा नाही, सिद्धांत बाद. तात्या म्हणाले, टीव्ही बारका हाय तुमचा. वडे थंड झाले. त्याची आई आणि माझी आई एका बाजूला बसून चहा पीत होत्या, आणि माझी आई सहज म्हणाली, "शेळी तिनंच सोडली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" बाबा ओरडले.

"तुमचं सांगून संपू दे म्हटलं."

त्याची आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो आणि दोघांनाही एका जागी उभं राहवत नव्हतं. मी मधूनच आत जाऊन एक उडी मारून यायचे. खरंच उडी, लहान मुलीसारखी. तात्यांनी हवामानवाल्या दोघींनाही सोडलं नाही. "नुसता उलटा अंदाज सांगनाऱ्या बाया आमच्या गावात इसभर हायत," असं म्हणाले, आणि त्यावर मीही त्यांच्यावर तुटून पडले, आणि ते माझ्यावर. कोणी जिंकलं नाही. कोणाला जिंकायचंही नव्हतं, निदान मला तरी नव्हतं.

दिवस कलला तसे ते निघाले. चपला घालता घालता तात्या म्हणाले, "सर, आता फुडल्या खेपंला तुमी या पुनतांब्याला. हे अर्धं राहिलंय."

बाबा दाराची चौकट धरून उभे होते. "येऊन काय उपयोग? तुमच्या घरी तुम्ही बोलत नाही. मी काय म्हणेन त्याला 'व्हय' म्हणता. मला कळलंय ते."

तात्यांनी दुसरी चप्पल घातली आणि सरळ उभे राहिले. "पाव्हन्याला न्हाई म्हनत न्हाई मी," ते म्हणाले. "सोयऱ्याला म्हनतो."

त्याची आई दारातच थांबली. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. जर आता ते 'बरोबर आहे तुमचं' म्हणाले असते, तर मी तिथेच कोसळले असते.

"लग्न मात्र नगरला होईल," बाबा म्हणाले.

"न्हाई," तात्या म्हणाले.